वापरलेला रेकॉर्डर

मुर्तझाभाईंनी काचेवर पाच मांडले.
लॅमिंग्टन रोड, दुपारचे अडीच,
नाइट ड्युटीची झोप अजून डोळ्यांत.

हा चकचकीत नको. याची बटणं सपाट,
अंधारात बोटाला सापडत नाहीत.
बत्तीस नंबरच्या आजोबांचं सलाइन बघताना
खिशातल्या खिशात दाबता येईल अशी कळ हवी.
एका कानात जर्मन,
दुसरा कान बेलसाठी मोकळा.

"फोनमध्येच सगळं असतं ना, ताई?"
असतं. पण फोनमध्ये मेट्रनही असते,
हप्त्याचा मेसेज असतो,
आईचं 'जेवलीस का' असतं.
मला असं काहीतरी द्या
ज्याला माझा नंबर माहीत नाही.

चार्जिंगचा नको, पेन्सिल सेल पडणारा द्या.
वेग कमी केला तर धड्यातल्या बाईची म्हैस होता कामा नये.
आणि ए-बी पाहिजे:
वाक्याच्या अलीकडे एकदा दाबायचं, पलीकडे एकदा,
मग तेवढाच तुकडा, घाण्याच्या बैलासारखा.

दुसरा, तिसरा बाद. चौथा परवडेना.
पाचवा वापरलेला, एक कोपरा चेपलेला, चौदाशे.
"बोलून बघा कायपण."
एक, दोन, तीन, हर्षला तांडेल, वॉर्ड नंबर नऊ.
आवाज परत आला. हा माझा? एवढा नाकातला?
"सगळ्यांना असंच वाटतं," म्हणाले,
आणि बिलबुक उघडलं.

परळला खोलीवर येऊन बघते तर आत त्रेपन्न फाइली.
पुसायला घेतल्या, पहिली चुकून वाजली.

माझे नाव अनिमेष भौमिक.
मी बँकेत काम करतो.
मला भेल नाही.

मी हसले. चौपाटीवर जा की बाबा.
मग मागून एक पोरगी, शेजारची असावी:
"भेल नाही हो काका, वेळ!
जीभ वळवा. अजून मागे. टाळूला लावा."
सातव्या फाइलीत वेल.
अकराव्यात वेड. मला वेड नाही,
कोर्टात सांगावं तितकं गंभीरपणे.

पुसायचं राहून गेलं.

ओठ 'उ'चे, जीभ 'ई'ची, असं शनिवारच्या बाई सांगतात.
मला पाच म्हणायचंय, फक्त पाच.
फून्फ, म्हणते मी. मग फिन्फ.
हाबेन झी श्मेर्त्सन? दुखतंय का तुम्हाला?
त्यांचं एका शब्दात भागतं बहुतेक.
आमच्या वॉर्डात ठणकतं, सलतं, चमकतं, ठुसठुसतं,
आणि पोटात येते ती कळ.
बोट ज्यावर होतं तीही कळच.
आणि हे लक्षात आलं, तेही कळलंच.
इतकी वर्षं हे अक्षर तोंडात घेऊन हिंडते आहे,
जीभ कुठे लागते ते कधी बघितलं नव्हतं.

फाइल एक्कावन्न. पोरगी नाही. तो एकटा, हळू:

सिस्टर, बाळाला कावीळ आहे.
निळ्या दिव्याखाली अजून किती वेळ ठेवणार?

सगळे ळ बरोबर.
बावन्नमध्ये तेच वाक्य, नऊ वेळा.

त्याच्यासमोर कोण होती टेबलाला?
मी नसेन. आमचा वॉर्ड मोठ्या माणसांचा.
पण "काय म्हणालात? नीट बोला," असं
मान वर न करता मी किती जणांना म्हटलंय,
त्याची फाइल कुठे नाही.

त्रेपन्नमध्ये कुणी बोलत नाही.
चाळीस सेकंद काहीतरी करकरतं.
पाळणा असेल. पंखाही असू शकतो.
ए-बी लावून ऐकलं,
आधी वेगात, मग हळू.
पंखा असू शकतो.

साडेसात. डबा भरायचाय, साडीला इस्त्री.
कार्डावर अजून जागा आहे.
लाल कळ दाबते.
चोपन्न.
फून्फ.
फिन्फ.
फून्फ.